निवडक कावीळ

वाचायला शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत. न वाचायला मात्र माणूस आपला आपणच शिकतो, आणि एकदा शिकला की मरेपर्यंत विसरत नाही. सकाळचं वर्तमानपत्रच घ्या. आमच्या घरी ते चारजण वाचतात, असं आपलं म्हणायची पद्धत आहे. चिरंजीव शेवटच्या पानावरून सुरुवात करतात आणि क्रिकेट संपलं की जग संपलं असं समजून पेपर टाकून देतात. तीर्थरूप निधनवार्ता पाहतात. त्यातही वय आधी, नाव नंतर. वय आपल्यापेक्षा जास्त निघालं की त्यांना चहा गोड लागतो. सौभाग्यवतींना साड्यांचा सेल आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन इंचांत छापला असला तरी दिसतो. त्याच्या शेजारीच असलेली, बँक कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीची बोलणी फिसकटल्याची बातमी दिसत नाही. आणि मी महागाई भत्ता शोधतो. तो नसला तर त्या दिवशी देशात काही घडलं नाही. आम्ही चौघांनी मिळून आजवर एकही अग्रलेख वाचलेला नाही. तो बहुधा रद्दीवाला वाचत असावा. त्याचा चेहरा तसा गंभीर असतो.

डोळ्यांना उपजत असलेली ही कला आता यंत्रालाही आली आहे. आमच्या बँकेत काही अहवाल साध्या मजकुराच्या फायलींत येतात. साध्या म्हणजे किती साध्या? ना ठळक, ना तिरपं, ना रेघोट्या. नुसती अक्षरं आणि आकडे, एकाखाली एक, तीस-चाळीस हजार ओळी. वाचायला बसलं तर वाचणाऱ्याच्या निवृत्तीचाच अहवाल त्यात येईल. आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी नव्याने आले आहेत. वय पंचवीस. मला गिऱ्हाइकांसमोर 'सर' म्हणतात आणि चहाच्या वेळी 'काका'. त्यांनी माझी नोटपॅड प्लस प्लस नावाच्या संपादकाशी ओळख करून दिली. संपादक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर 'साभार परत' करणारे गृहस्थ उभे राहतात. हा तसा नाही. हा 2003 साली डॉन हो नावाच्या गृहस्थांनी तयार केला, फुकट मिळतो आणि काही परत करत नाही. त्याला एक शब्द द्यायचा आणि खूण करायची आज्ञा सोडायची. तो शब्द फायलीत जिथे जिथे असेल तिथे तिथे रंग चढतो. रंग आपल्या आवडीचा ठेवता येतो. साहेबांनी पिवळा ठेवला होता.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. या पडद्याची कावीळ निवडक. आपण सांगू तेवढंच पिवळं, बाकी सगळं ठणठणीत पांढरं.

खोटं कशाला बोलू, मी खूष झालो. एक-एक शब्द शोधत जाणं वेगळं आणि सगळे एकदम उजळलेले पाहणं वेगळं. शोधण्यात शब्द सापडतो, उजळण्यात माणसाचा स्वभाव सापडतो. वरच्या कचेरीतून आलेल्या एका परिपत्रकात मी 'त्वरित' हा शब्द पिवळा करून पाहिला. अकरा ठिकाणी दिवे लागले. परिपत्रक आमच्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले होते. नुसतं वाचलं असतं तर हा विनोद मला दिसला नसता.

पण या यंत्राच्या प्रामाणिकपणाची एक गंमत आहे. ते अक्षरं पाहतं, अर्थ पाहत नाही. त्याला 'विनाश' शोधायला सांगा, ते शांतपणे एखाद्या 'अविनाश'ला पिवळं करून दाखवतं. 'शोक' म्हणावं तर 'अशोक' उजळतो, 'भय' म्हणावं तर 'अभय'. रोगी शोधायला जावं तर निरोगी माणसं हाती लागतात. 'राम' आरामात सापडतो आणि हरामातही सापडतो. 'मान' हुडकायला जावं तर तो अपमानात आधीपासूनच बसलेला असतो. हे मात्र नोकरी करणाऱ्या माणसाला यंत्राने सांगायला नको.

आणि 'कर' हा शब्द मराठी माणसाने तर शोधूच नये. ठेवींवरच्या कराबद्दलची एक मराठी सूचना मी पाहत होतो. 'कर' म्हटल्याबरोबर दिनकर, प्रभाकर, शंकर पेटले. गावावरून आडनावं घेतलेली निम्मी शाखा पेटली. करून, करताना, करावे ही क्रियापदं पेटली. शिवाय नोकर आणि भाकर. सगळं पान हळदीकुंकवाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. साहेब म्हणाले, "काका, 'फक्त पूर्ण शब्द' असा पर्याय निवडा." निवडला. आडनावं विझली, क्रियापदं विझली, पण त्याबरोबर 'कराची', 'करात' विझले आणि 'आयकर'सुद्धा सुटला. आयकरातून असं सहीसलामत सुटणं भल्याभल्या चार्टर्ड अकाउंटंटना जमत नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण ज्याच्यावर बेततं त्याला हसू येत नाही. इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे. 1996 साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या यंत्राने त्या गावच्या लोकांची नावनोंदणी नाकारायला सुरुवात केली. कारण एवढंच, की गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात सलग चार अक्षरं अशी आहेत, की ती सुटी उच्चारली तर शिवी होते. यंत्राला शिवी शोधायला सांगितलं होतं. त्याने गाव शोधलं. अख्खा गाव निष्कारण असभ्य ठरला. आपल्याकडच्या अविनाशांनी यावरून बोध घ्यावा.

उलट बाजूने पाहिलं तर जे हवं ते सुटतं. 'देव' शोधून पाहा. देवाला, देवाने, देवाचा. कुठल्याही विभक्तीत देव शाबूत राहतो, झाडून सगळा पिवळा होतो. 'देवघेव' या शब्दातसुद्धा तो निघतो, ही बँकेच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट. आता 'पैसा' शोधा. पैशाला, पैशाने, पैशाचा. एकही सापडत नाही! पैसा चारचौघांत गेला की लगेच रूप बदलतो. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात; बँकेत याला वेगळी नावं आहेत. बरं, नुसतं 'पै' शोधावं तर पैठण, पैज, पैलवान आणि पै आडनावाचे सगळे सभ्य खातेदार रांगेने उभे राहतात.

यावर इलाज म्हणून शब्दाऐवजी शब्दाचा नमुना द्यायची सोय आहे. पै(सा|से|शा) असं लिहायचं, म्हणजे 'पै'च्या पुढे सा, से किंवा शा यांतलं काहीही चालेल. मग सगळा पैसा उजेडात येतो. ही नमुन्यांची भाषा स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाची. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचं गणित मांडताना 1951 साली त्यांनी ती योजली, 1956 साली ती छापून आली. केन थॉम्प्सन यांनी 1968 साली तिचा उपयोग मजकूर शोधायला कसा करायचा ते दाखवलं. पुढे 1973 साली 'ग्रेप' नावाचा शोधगडी निघाला. 'सगळीकडे नमुना शोध आणि छाप' या आज्ञेची इंग्रजी अक्षरं जोडून त्याचं बारसं झालं. द्राक्षांशी त्याचा संबंध नाही.

या भाषेत क्लेनींची एक चांदणी असते. चांदणी म्हणजे 'कितीही'. एकही नसलं तरी चालेल. आणि टिंब म्हणजे 'कोणतंही अक्षर'. टिंबापुढे चांदणी ठेवली की 'काहीही, कितीही'. वधूवरांच्या जाहिरातीत 'अपेक्षा : काही नाही' असं लिहितात तो हाच नमुना, आणि त्यात सगळंच बसतं. या जोडगोळीला इंग्रजीत अधिकृतपणे 'हावरट' म्हणतात. 'श्री'पासून 'कर'पर्यंत उचल म्हटलं तर ती पहिल्या 'श्री'पासून ओळीतल्या शेवटच्या 'कर'पर्यंत, मधली तीन माणसं आणि त्यांचे व्यवहार, सगळं गिळते. मात्र चांदणीपुढे एक प्रश्नचिन्ह ठेवलं की तीच 'आळशी' होते आणि पहिल्या 'कर'लाच थांबते. हावरटपणापुढे प्रश्नचिन्ह उभं केलं की तो थांबतो, एवढं नीतिशास्त्र मला बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

बी. कॉम.च्या माणसाने नीतिशास्त्रात पडू नये हे मला मान्य आहे. पण कॉलेजात ऑडिटिंगच्या पुस्तकात एक कुत्रा होता, त्याच्या आधाराने थोडं पडतो. 1896 साली इंग्लंडात किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी सांगितलं, की हिशेबतपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. आम्ही हे वाक्य पाठ करून मार्क मिळवले आणि विसरलो. पिवळ्या ओळी पाहताना ते पुन्हा आठवलं. माग काढणाऱ्या कुत्र्याला एक रुमाल हुंगायला देतात; तो त्याच वासामागे मैलोन् मैल जातो आणि वाटेत दुसरा चोर भेटला तर त्याला शेपूट हलवून पुढे जातो. राखणीचा कुत्रा कुठे जात नाही, पण काहीही वावगं दिसलं की भुंकतो. काय वावगं ते त्याला आधी कोणी सांगितलेलं नसतं. आपला संपादक पहिल्या जातीचा. त्याच्याइतका माग कोणी काढणार नाही. पण राखण त्याच्यावर सोपवून झोपू नये.

आपण तर जागेपणीच झोपतो. जर्मनीत 1971 साली स्टॅबिलो बॉस नावाचं चमकत्या रंगाचं पेन निघालं, तेव्हापासून जगभरची मुलं पुस्तकं पिवळी करत आली आहेत. 2013 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखनाला त्यांनी 'कमी उपयुक्त' असा शेरा दिला. रंगवलं म्हणजे वाचलं असं मनाला वाटतं, आणि न रंगवलेलं तर नव्हतंच. पत्रिकेचंही तेच. सौभाग्यवतींचे आणि माझे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. गुरुजींनी त्या अठ्ठाविसांचा गौरव केला, मंडळींनी पेढे खाल्ले. न जुळलेल्या आठांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. गेली अठरा वर्षं संसार त्या आठांवर चालू आहे.

प्रश्न असा : जे दिसलं नाही त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो काउंटरवर पडला.

एक आजी आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हातात कापडी पिशवी, पिशवीत यजमानांच्या मृत्यूचा दाखला. यजमान एस.टी.त कंडक्टर होते. "ह्यांनी इथं काहीतरी ठेवलंय, मरताना दोनदा म्हणाले." काय ठेवलंय, किती, कधी, माहीत नाही. पावती नाही, पुस्तक नाही. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. 2014 पासून ही व्यवस्था आहे. पैसे तिथे गेले तरी हक्क जात नाही, मागता येतात. पण मागायला आधी नाव सापडायला हवं. नाव ज्ञानेश्वर. आडनाव असं, की आमच्या तालुक्यात दगड मारला तर त्या आडनावाच्या माणसाला लागेल.

साहेब भला माणूस. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी जुन्या खात्यांची फाईल उघडली. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत. ज्ञानेश्वर म्हणून त्यांनी शाळेत शिकवतात तसं 'डी एन वाय' करून लिहिलं. बरेच ज्ञानेश्वर पिवळे झाले, पण आजींचे त्यांत नव्हते. मग 'जी वाय' करून पाहिलं, 'जे एन' करून पाहिलं. शेवटी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "नाही, आजी. नाव नाही."

आजींनी दाखल्याची घडी घातली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "ते खोटं बोलायचे नाहीत हो."

आमच्या शाखेतले दफ्तरी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, तिथे व्हाउचरांना दोरा बांधत होते. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "आजी, सही कशी करायचे मालक?"

"इंग्रजीत. फार हौस."

"पहिलं अक्षर कसं असायचं?"

आजींना इंग्रजी येत नाही. पण पन्नास वर्षं ज्याच्या पगाराच्या पाकिटावर, रेशनकार्डावर, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ती सही पाहिली, तिचा आकार कोणी विसरतं का? त्यांनी काउंटरच्या काचेवर बोट फिरवलं. "आधी एक पोट सुटलेलं. मग लगेच बेचकी."

पोट सुटलेला डी आणि बेचकीचा वाय. मध्ये एन नाहीच! साहेबांनी 'डी वाय' करून नमुना दिला. तीन ओळी पिवळ्या झाल्या. तिसरी आजोबांची. रक्कम सांगण्यासारखी मोठी नव्हती, पण आजींनी ती तीनदा विचारून घेतली. पुढे अर्ज, दाखले, साक्षीदार, फोटो हे सगळं व्हायचं ते झालंच. त्यात यंत्राचा दोष नाही. तो छळ माणसांनी लावलेला आहे.

आता जबाबदारीचं बोलू. यंत्राकडे बोट दाखवता येत नाही. त्याने सांगितलं तेवढं चोख केलं, आणि नीट नमुना मिळाल्याबरोबर जे काम मामांना दुपारभर पुरलं असतं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच केलं. साहेबांनीही प्रामाणिकपणे तीन तऱ्हा करून पाहिल्या. मग अन्याय होता होता राहिला तो नेमका कुठे? माझ्या मते एका शब्दात. नोटपॅड प्लस प्लसला शब्द मिळाला नाही तर ते 'सापडला नाही' एवढंच सांगतं. ते कधी 'नाही' म्हणत नाही. 'सापडला नाही'मधला 'सापडला' गाळून 'नाही' एवढंच पुढे सरकवण्याचं काम काउंटरच्या अलीकडचा माणूस करतो. यंत्र आपल्या मर्यादेत बोलतं. आपण त्याचं भाषांतर करतो आणि ते भाषांतर निकाल होऊन बसतं.

'सापडलं नाही' यात माझी गोष्ट आहे : मी शोधलं, अमुक नमुन्याने शोधलं, माझा नमुना अपुरा असेल. 'नाही' यात फक्त समोरच्याची गोष्ट आहे : तुमचं काही नाही, चला पुढचा. पहिल्या वाक्यानंतर आजींना बोलायला जागा उरते, दुसऱ्यानंतर दाखल्याची घडी घालावी लागते. म्हणून नमुना ज्याने निवडला त्याची जबाबदारी ओळी पिवळ्या करून संपत नाही. पांढऱ्या राहिलेल्या ओळींनाही तोच उत्तर द्यायला बांधलेला असतो.

सगळ्याच ओळी वाचा असं सांगण्याइतका मी साधुसंत नाही. चाळीस हजार ओळी कोणी वाचत नाही. मामासुद्धा वाचणार नाहीत. नमुन्यावाचून जगता येत नाही. गर्दीत आपला मुलगा आपण शर्टाच्या रंगावरून शोधतो, तेव्हा बाकीच्यांच्या मुलांवर अन्याय करतो असं कोणी म्हणत नाही. पण माणसाचा हिशेब करायची वेळ आली, की 'नाही' म्हणण्यापूर्वी एकदा विचारावं, "सही कशी करायचे?" आणि संपादकात खुणा पुसायचीही आज्ञा असते, ती अधूनमधून वापरावी. सगळा रंग जातो, पान पुन्हा पांढरं होतं, आणि मग कुठल्याही दहा ओळी, काही न शोधता, नुसत्या वाचाव्यात. राखणीचा कुत्रा असा मधूनमधून अंगणात चक्कर मारून येतो. बहुतेक वेळा काही नसतं. त्यासाठीच जायचं असतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद सौभाग्यवतींच्या हाती दिले. माझा प्रत्येक लेख आधी त्या वाचतात. दोन मिनिटांत कागद परत आले.

"मी दोनच ठिकाणी आहे," त्या म्हणाल्या. "एकदा साड्यांच्या सेलमध्ये आणि एकदा न जुळलेल्या गुणांत. एवढं मोठं लिहिलंय, बाकी त्यात आहे काय?"

"बाकी पांढरं आहे," मी म्हटलं.